हात लावूं नको !

मासळीबाजारांत टोपलींत माकूल दिसलें म्हणजे आईबरोबर आलेलें मूल कुतूहलानें बोट पुढें करितें, आणि तत्क्षणीं मागून आज्ञा येते : "हात लावूं नको !" घरांतील घड्याळ असो, शाळेंतील भिंग असो, हीच आज्ञा सर्वत्र ऐकूं येते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवीं आईबापांस असें भय वाटावें हें साहजिक आहे; फिरत्या यंत्रांत गेलेलें बोट परत मिळत नाहीं. तथापि या आज्ञेचा अतिरेक होऊन मुलांच्या शिक्षणाची मोठी हानि होत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याच्या समर्थनार्थ आम्ही त्या माकुलाच्याच एका सोयऱ्याची साक्ष काढणार आहों. हा सोयरा म्हणजे आठ बाहूंचा अष्टपाद, अर्थात् ऑक्टोपस.

सुमारें २३०० वर्षांपूर्वीं ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें या प्राण्यास मूर्ख ठरविलें. कारण काय, तर माणसानें पाण्यांत हात घातला असतां तो पळून न जातां उलट हाताजवळ येतो ! परंतु अष्टपादाच्या बाहूंवर वाटीच्या आकाराच्या चूषकांच्या ओळी असतात, आणि त्यांचें कार्य केवळ चिकटून धरण्याचें नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांतील निकोलस बेलोनो व त्यांचे सहकारी यांनीं सन २०२० मध्यें असें दाखविलें कीं, पाण्यांत सहज न विरघळणारे पदार्थ स्पर्श होतांच ओळखणाऱ्या विशेष पेशी या चूषकांत आहेत. म्हणजे अष्टपाद ज्यास स्पर्श करितो त्याची चवही त्याच क्षणीं घेतो. खडकाच्या कपारींत, जेथें डोळा पोहोंचत नाहीं तेथें, त्याचा बाहु खेंकडा व दगड यांतील भेद जाणतो. तेव्हां ॲरिस्टॉटलला जो मूर्खपणा वाटला ती कदाचित् जिज्ञासाच असेल !

याहून नवलाची गोष्ट पुढेंच आहे. अष्टपादाच्या शरीरांत सुमारें ५० कोटि मज्जापेशी असून त्यांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश मस्तकांत नसून बाहूंत आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील बिन्यामिन होख्नर व त्यांचे सहकारी यांनीं सन २००१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मेंदूशीं संबंध तोडलेला बाहूही चेतना मिळतांच नेहमींच्याच डौलानें पुढें पसरला. या बाहूंत हाड नाहीं, सांधा नाहीं. तरीही भक्ष्य तोंडाकडे नेतांना तो आपल्या हातासारखा तीन ठिकाणीं वांकतो, आणि काम संपतांच ते तात्पुरते सांधे नाहींसे होतात. इतके चूषक असतां त्याचे बाहु एकमेकांस कां चिकटत नाहींत, या साध्या प्रश्नाचा शोधही याच विद्यापीठांत लागला : स्वतःच्या जातीच्या कातडीस चूषक सहसा धरीत नाहींत, तिच्यांतील कांहीं द्रव्य त्यांस आवरतें, असें सन २०१४ मध्यें दिसून आलें.

मनुष्याचा हात इतका स्वतंत्र नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु हात हा मस्तकाचा केवळ हरकाम्या नव्हे, हा बोध यांतून घेण्यासारखा आहे. आमच्या गांवांतील कसबी कारागीर तुटलेलें सूत बोटांनींच हुडकून क्षणांत गांठ मारतो. ती गांठ पुस्तक वाचून कोणास येईल काय? उलट आमचे कित्येक विद्यार्थी गतवर्षींच्या वहींतून प्रयोग उतरून घेतात, निष्कर्ष तोंडपाठ म्हणतात, आणि परीक्षानळी धरण्याची वेळ आली म्हणजे त्यांचा हात थरथरतो. यांत दोष एकट्या विद्यार्थ्यांचा नाहीं. भिंग फुटेल म्हणून तें कपाटांत ठेवणारे आम्ही वडीलधारेही तितकेच दोषी आहों.

कोणी म्हणेल, स्पर्शानें अपायही होतो. खरें आहे. निळ्या वलयांच्या अष्टपादाचें विष माणसाचे प्राण घेऊं शकतें. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं साधा अष्टपाद आढळला, तरी त्यास कपारींतून ओढून काढणें हें ज्ञान नव्हे, क्रौर्य होय. तेथें डोळ्यांनीं पाहणें हेंच पुरेसें आहे. ज्या प्रयोगांनीं वरील ज्ञान मिळालें त्यांत या मुक्या जीवास वेदना झाल्या असतील, याचाही विसर पडूं नये. युरोपीय संघानें सन २०१० मध्यें प्रयोगांतील प्राण्यांच्या रक्षणाच्या नियमांत अष्टपादास स्थान दिलें, व ब्रिटननें सन २०२२ च्या कायद्यानें त्यास सुखदुःख जाणणारा जीव मानलें. हें आमच्या मतें योग्यच झालें. जिज्ञासेच्या हातास दयेचा लगाम हवाच.

म्हणून पालकांस आमची इतकीच विनंति आहे. मुलाचा हात झिडकारूं नका, तो आपल्या हातांत घ्या. जुनें घड्याळ त्यास उघडूं द्या, बीं पेरूं द्या, सुताची गांठ मारूं द्या. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हींही पुढील प्रयोग उतरून न घेतां स्वतः करा. चुकला तर पुन्हा करा. "हात लावूं नको" या आज्ञेऐवजीं "ये, मी दाखवितों, जपून हात लाव" असे शब्द ज्या घरांत व ज्या शाळेंत ऐकूं येतील, तेथें विज्ञान खऱ्या अर्थानें शिकविलें जाईल.