एका संगणकावर दोन बिऱ्हाडे

अलीकडे अनेक घरांतून एकच विचारणा होते. मुलाच्या शिक्षणासाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजून धडधाकट आहे. पडदा उजळतो, कळा चालतात. तरी ‘हा आता जुना झाला, नवा घ्या’ असे जो तो सांगतो. सामान्य गृहस्थाने अशा वेळी काय करावे? प्रश्न खर्चाचा आहेच. परंतु त्या यंत्रात साठलेल्या मराठी मजकुराचाही आहे, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. संगणक म्हणजे नुसता वाडा. त्यात राहून कारभार पाहणारी जी मंडळी, तिला कार्यप्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील बहुसंख्य संगणकांत हा कारभार विंडोज पाहते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या आवृत्तीची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. काही अटींवर मुदतवाढ देण्यात आली. पण मुदतवाढ ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारणतः २०१७ पूर्वीच्या संगणकांना तिचे दार बंदच आहे. जुना संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, हे खरे; परंतु ज्या वाड्याच्या कड्याकोयंड्यांची दुरुस्ती कोणी करीत नाही, त्यात राहून बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरी वाट आहे ती लिनक्सची. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा रचला, आणि जगभरच्या जाणकारांनी ती वाढविली. ती विनामूल्य मिळते. केरळातील सरकारी शाळांत मुले तिच्यावरच संगणक शिकतात. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची तिचीच एक भारतीय आवृत्ती सिद्ध केली आहे. चार जीबी स्मृती असलेल्या जुन्या यंत्रावरही लिनक्स मिंटसारखी आवृत्ती सुखाने नांदते.

मग जुनी प्रणाली पुसून नवी घालावी, असे कोणी म्हणेल. मराठी घराने येथे थोडे थांबावे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण जे टंकलिखित केले ते श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच; तो एखाद्या रोमन अक्षराने घेतलेला देवनागरी वेष असतो. फाँट गेला की वेष उतरतो, आणि आजीने सांगितलेली ओवी, कुळाची वंशावळ, मंडळाच्या सभेचे इतिवृत्त, सारे निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन समोर येते. हा मजकूर ज्या सॉफ्टवेअरवर लिहिला ते बहुधा विंडोजवरच चालते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरी असा मजकूर पुन्हा कोठून मिळणार? सांगणारी माणसे निघून गेलेली असतात. म्हणून जुने बिऱ्हाड हलवू नये; त्याच वाड्यात दुसरे बिऱ्हाड आणावे. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

त्याची रीत अशी. सर्वप्रथम महत्त्वाच्या सर्व फाइली, जुन्या फाँटांसह, बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून अलग करून ठेवावी. हे झाल्याखेरीज पुढचे पाऊल टाकूच नये. भिंत घालताना एक बोट चुकले तर संपूर्ण माजघर जाते. यानंतर बिटलॉकर नावाचे कुलूप लावलेले आहे काय ते पाहावे, आणि असल्यास त्याची किल्ली, म्हणजे अठ्ठेचाळीस आकडी संख्या, कागदावर लिहून ठेवावी. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. तिच्यामुळे विंडोज निजल्यासारखी दिसते, पण अर्धी जागीच राहते, आणि शेजाऱ्याने तिच्या खोलीतील वस्तू हलविली तर घोटाळा होतो.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून तिची जागा थोडी आखडून पन्नास-साठ जीबी मोकळी करावी. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा. येथे एक मोठी सोय आहे : काहीही न बसविता नवी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आवाज, वायफाय, छपाईयंत्र हे सारे तपासावे, आणि मन भरले तरच ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडावा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्यायही तेथेच असतो; त्यावर बोट पडू देऊ नये.

यापुढे संगणक सुरू होताच ‘ग्रब’ नावाचा देवडीवाला विचारील : कोणाकडे जायचे? काही सेकंदांत उत्तर न मिळाल्यास तो ठरलेल्या बिऱ्हाडी नेऊन सोडतो. दोन्ही प्रणाली नव्याने घालायच्या असतील तर विंडोज आधी आणि लिनक्स नंतर. उलट केल्यास विंडोज देवडीवर आपलाच माणूस बसविते, आणि शेजाऱ्याची वाट दिसेनाशी होते.

दोन बारीक गोष्टी. लिनक्समधून विंडोजवर परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. यंत्र बिघडलेले नसते. एक प्रणाली आतील घड्याळ ग्रीनिचच्या मानाने लावते, दुसरी भारतीय वेळेने. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगितले की तंटा मिटतो. दुसरे असे की, लिनक्स विंडोजच्या फाइली वाचते. विंडोजला लिनक्सच्या मात्र सहजी वाचता येत नाहीत. म्हणून दोघांना लागणारे कागद विंडोजच्या भागात ठेवावेत. दोन भाषा येणाऱ्यालाच नेहमी दुभाष्याचे काम पडते, हे आम्हा सीमेवरच्या लोकांना नव्याने सांगावयास नको. १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद संस्थानाचा. घरात मराठी, पेठेत कन्नड आणि आजोबांच्या दस्तऐवजांत उर्दू, हे आळंद-बसवकल्याणकडे अजूनही पाहावयास मिळते.

नव्या प्रणालीत मराठी लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडावा. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी समान आहे : ज्या कळीवर देवनागरी ‘क’, तिच्यावरच कन्नड ‘ಕ’ चे स्थान. मराठीसाठी बोटे तयार झाली की तीच बोटे कन्नडही लिहू लागतात. गुजरातीचे आणि तेलुगूचेही तसेच. बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनी आपल्या मुलांना हा कळफलक अवश्य शिकवावा. मातृभाषा आणि राज्यभाषा यांतील एक सोडल्याखेरीज दुसरी येत नाही, असे सांगणाऱ्यांना मुलांची बोटेच उत्तर देतील.

जुने बिऱ्हाड मात्र कायमचे तेथेच राहील अशा भरवशावर राहू नये. विंडोजचा भाग इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ जुना मजकूर उघडण्यासाठी वापरावा, आणि दर रविवारी थोडा थोडा तो युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक सॉफ्टवेअर यात मदत करते. पण जोडाक्षरे आणि रफार यांत ते अडखळते, तेव्हा मूळ प्रत शेजारी ठेवून घरातील जाणत्या माणसाने प्रत्येक ओळ वाचून पाहिलीच पाहिजे. ते जाणते माणूस घरात आहे तोवर हे काम व्हावे. त्याची सविस्तर रीत पुढील अंकी पाहू.