घर नाकारणारे यंत्र आणि हात झटकणारा माणूस

घरखरेदी आणि जमिनीच्या धंद्यात सध्या ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. फ्लॅटची किंमत किती, कोणत्या भागात भाव चढणार, कर्ज कोणाला द्यायचे, भाड्याने घर कोणाला द्यायचे, हे सारे आता संगणक सांगणार असे म्हटले जाते. त्यावर कोणी शंका घेतली की ठरलेले उत्तर मिळते: घाबरू नका, यंत्र फक्त सल्ला देईल, अंतिम निर्णय माणूसच घेईल. हे उत्तर ऐकायला चांगले वाटते. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर राहावे लागले, त्या समाजाने इथे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हा निर्णय घेणारा माणूस कोण? आणि त्याच्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा?

माणसाच्या निर्णयाचे गोडवे आपल्याला कोणी सांगू नयेत. 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. तेव्हा ना संगणक होता ना गणिती सूत्र. होता तो फक्त माणूस, आणि त्याच्या डोक्यातली जात. तेव्हा यंत्र वाईट आणि माणूस चांगला, अशी सोपी वाटणी करून आपले भागणार नाही.

मग यंत्र तरी निःपक्षपाती असते काय? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत शोधावे लागते, कारण हा प्रयोग तेथे आपल्या आधी झाला. तेथील सरकारने 1933 साली गृहकर्जासाठी एक महामंडळ स्थापन केले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवले आणि वस्त्यांना रंग दिले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. लाल म्हणजे धोका, आणि धोका म्हणजे कर्ज नाही. नकाशे काढणारी आणि ते मानणारी माणसेच होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात, 11 एप्रिल 1968 रोजी, घरांच्या बाबतीत वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा तेथे झाला. परंतु कायदा होईपर्यंत दोन पिढ्यांची संपत्ती घडायची राहून गेली होती. ज्याच्या बापाला घर घेता आले नाही, त्याच्या मुलाची पतही कमीच राहिली. आजचे यंत्र शिकते ते याच जुन्या नोंदींवर. काल माणसाने केलेला अन्याय आज यंत्राच्या पोटात ‘अनुभव’ म्हणून जमा असतो.

याचे ताजे उदाहरण मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे. सेफरेंट नावाची कंपनी भाडेकरूंना गुण देते आणि घरमालक त्या गुणांवर अर्ज मंजूर किंवा नामंजूर करतात. 2022 साली या कंपनीवर दावा दाखल झाला. दावा करणारे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक भाडेकरू होते. त्यांच्या भाड्याचा मोठा भाग सरकारी साहाय्यातून थेट मालकाला मिळणार होता. तरीही सूत्राने हे साहाय्य हिशेबात धरले नाही, जुन्या कर्जाच्या नोंदींना मात्र वजन दिले, अशी त्यांची तक्रार होती. दाव्यातील एका महिलेने आधीच्या घराचे भाडे सोळा वर्षे वेळेवर भरले होते. तिला उत्तर आले की अपील घेतले जात नाही आणि यंत्राचा निकाल आम्हाला बदलता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने या प्रकरणातील सुमारे 23 लाख डॉलरच्या तडजोडीला मंजुरी दिली. कंपनीने दोष कबूल केला नाही. मात्र सरकारी साहाय्य घेणाऱ्या अर्जदारांना असे गुण देण्यावर तिला मर्यादा मान्य कराव्या लागल्या.

या प्रकरणात माणूस नव्हता असे नाही. इमारतीचे व्यवस्थापन पाहणारे कर्मचारी होतेच. सोळा वर्षांच्या भाड्याचा पुरावा त्यांना वाचता येत होता. परंतु ‘आम्हाला बदलता येत नाही’ एवढेच म्हणण्यापुरता माणूस तेथे उरला होता. यंत्राच्या शेजारी बसवलेल्या माणसाला निकाल फिरवण्याचा अधिकार नसेल, तर तो फक्त टपाल पोहोचवणारा शिपाई ठरतो.

दुसरे उदाहरण फेसबुकचे. घराची जाहिरात कोणाला दिसावी हेही आता सूत्र ठरवते. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने मार्च 2019 मध्ये या कंपनीवर भेदभावाचा आरोप ठेवला. जून 2022 मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीने घरांच्या जाहिरातींसाठीचे आपले एक साधन बंद करण्याचे मान्य केले आणि 1,15,054 डॉलर दंड भरला. या कायद्याखाली तेव्हा तेवढाच जास्तीत जास्त दंड होता. इथला भेदभाव अधिक अवघड आहे. दारात उभे करून नाकारले तर माणसाला अपमान तरी कळतो. जाहिरातच दिसली नाही, तर आपल्याला वगळले हेही कळत नाही.

आता तिसरे उदाहरण पाहा. झिलो ही कंपनी घरांच्या किमतीचा अंदाज संगणकाने काढून स्वतःच घरे विकत घेत होती. 2021 मध्ये अंदाज चुकले, एका तिमाहीत 30 कोटी डॉलरहून अधिक रक्कम पाण्यात गेली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने हा धंदाच गुंडाळला. सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आले. यंत्राने मालकाचे नुकसान केले, तेव्हा चूक लगेच सापडली आणि यंत्र बंद पडले. यंत्राने गरीब भाडेकरूचे नुकसान केले, तेव्हा ते सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागली. चूक कोणाच्या खिशाला लागते, यावर तिची दखल ठरते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? यंत्र येण्यापूर्वीच आपल्या शहरांत ‘फक्त शाकाहारी’ ही पाटी आहे. आडनाव विचारणारा दलाल आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावाने घर मागणाऱ्यांना सवर्ण नावाने मागणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा नकार मिळतो किंवा जाचक अटी घातल्या जातात, हे त्यातून दिसले. उद्याचे यंत्र याच भाडेकरारांवर शिकणार आहे. त्यात ‘जात’ असा रकाना नसेल. पण त्याची गरजही नाही. आडनाव आहे, पिनकोड आहे, शाळेचे नाव आहे, आहाराची आवड आहे. आपल्या देशात पत्ता हाच अनेकदा जातीचा दाखला असतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. परंतु पाटी बदलली तरी संगणकातली जुनी नोंद आपोआप बदलत नाही.

कायद्याचे काय? 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत राहण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. पण हा फौजदारी कायदा, त्याला आरोपी माणूस लागतो. यंत्र मध्ये आले की मालक दलालाकडे बोट दाखवतो, दलाल कंपनीकडे, आणि कंपनी सूत्राकडे. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली मान्य केले की हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम भेदभावाचा असेल, तर गृहनिर्माण कायद्याखाली दाद मागता येते. याउलट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दहा वर्षे आधी, 2005 मध्ये, गुजरातमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाला आव्हान देण्याचा स्वतंत्र हक्क नाही.

अमेरिकेतही मिळालेला हक्क कायमचा नसतो. एप्रिल 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परिणामावर आधारित भेदभावाच्या कारवाईतून सरकारी खात्यांनी अंग काढून घ्यावे असा आदेश काढला. त्या आदेशाच्या नावातच ‘मेरिट’ आहे. मेरिटच्या नावाने चालणारे राजकारण आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

मग आपण यंत्राला विरोध करायचा काय? मुळीच नाही. नीट वापरले तर हेच यंत्र हजारो भाडेकरारांतून भेदभावाचा माग काढून देऊ शकते. प्रश्न जबाबदारीचा आहे, आणि म्हणून मागण्याही स्पष्ट असल्या पाहिजेत. पहिली, घर किंवा कर्ज नाकारले तर कारण लेखी मिळाले पाहिजे. हे तत्त्व आपल्याला परके नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने सदस्यत्व नाकारताना कारणे कळवण्याचे आणि निबंधकाकडे अपिलाचे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. दुसरी, प्रत्येक नकाराखाली एका जबाबदार माणसाचे नाव असावे आणि त्याला निकाल बदलण्याचा अधिकार असावा. तिसरी, अशी सूत्रे वापरणाऱ्या कंपन्यांची परिणामांवरून स्वतंत्र तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल जनतेसमोर यावा. चौथी, खासगी घरांच्या बाजारातील जातीय आणि धार्मिक भेदभावाविरुद्ध स्वतंत्र दिवाणी कायदा व्हावा.

या कामात चळवळीतील शिकलेल्या तरुणांचा मोठा वाटा असू शकतो. आज आपली कितीतरी मुले-मुली संगणक क्षेत्रात आहेत. एकच पगार, एकच नोकरी, फक्त आडनाव आणि पत्ता वेगळा, असे अर्ज करून कोणाला काय उत्तर मिळते याची नोंद त्यांना ठेवता येईल. नकाराची नोंद ठेवली नाही तर तो फक्त अपमान राहतो. नोंद ठेवली तर तोच पुरावा होतो. बाबासाहेबांनी बडोद्याचा अनुभव लिहून ठेवला, म्हणून तो आज जगासमोर आहे. आपल्या काळातले नकार पडद्यावरच्या दोन ओळींत येतात आणि बोट फिरवताच नाहीसे होतात. ते जपून ठेवणे आणि त्यांचा जाब माणसाकडेच मागणे, हे आता आपले काम आहे.