धीर वाटा, औषधे वाटू नका!

एप्रिलच्या ११ तारखेस जगभर पार्किन्सन दिन पाळण्यात येतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा हा जन्मदिवस. १८१७ साली त्यांनी अवघ्या सहा रुग्णांच्या आधारे ज्या कंपवाताचे वर्णन केले, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्या सहांपैकी काही जण तर त्यांना रस्त्यावरून चालताना दिसलेले होते. आज हा रुग्ण रस्त्यावर सहसा दिसत नाही. हात कापतो म्हणून तो चारचौघांत चहाचा कप उचलीत नाही, सही जुळत नाही म्हणून बँकेत जात नाही, लोक टक लावून पाहतात म्हणून लग्नकार्यालाही जात नाही. एका खोलीत स्वतःस कोंडून घेणाऱ्या या माणसाला अलीकडे पुन्हा माणसांत आणण्याचे काम ज्या वस्तूने केले, ती म्हणजे त्याच्या उशाशी पडलेला मोबाईल फोन! म्हणूनच समाजमाध्यमांना सरसकट दूषणे देणाऱ्यांच्या मेळ्यात आम्ही सामील होऊ इच्छीत नाही. परंतु ज्या हाताने आधार मिळतो, त्याच हाताने घातही होऊ शकतो, हे वेळीच सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कंपवात हा जन्माचा सोबती आहे. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाल मंदावते, अंग ताठरते, आवाज क्षीण होतो, चेहऱ्यावरील भाव मावळतात. १९६० च्या दशकात आलेल्या लेव्होडोपा या औषधाने लक्षणांना लगाम घातला. परंतु रोग समूळ बरा करणारे औषध आजही नाही. अशा रुग्णाची आणि तज्ज्ञाची भेट होते तरी किती? काही महिन्यांतून एकदा, आणि तीही बाहेर ताटकळणाऱ्या गर्दीच्या दडपणाखाली. हे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. लहान गावच्या रुग्णाचा तर सारा दिवस प्रवासातच जातो. दोन भेटींच्या मधले ते लांबलचक दिवस रुग्णाने आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीने वा सुनेने कोणाच्या आधारावर काढावेत?

या प्रश्नाचे उत्तर समदुःखितांनी स्वतःच शोधले. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्थांनी रुग्णांना एकत्र आणण्याचे कार्य केलेच आहे. व्हॉट्सॲपच्या गटांमुळे असा शेजार आता घरबसल्या मिळू लागला आहे. उंबरठ्याशी येताच पाय जमिनीला खिळले, तर फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवाव्यात, किंवा मोठ्याने आकडे मोजीत पाऊल टाकावे, ही युक्ती रुग्ण एकमेकांस शिकवितात. डाळ-दुधासारख्या प्रथिनयुक्त आहाराबरोबर घेतलेल्या लेव्होडोपाचा गुण अनेकांत उणावतो, ही गोष्ट घाईत दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. ती गटातला अनुभवी माणूस सांगतो आणि डॉक्टरांना विचारावयास लावतो. ज्याचे कापरे बोट काचेवर ठरत नाही, तो बोलून संदेश धाडतो.

याहून मोठा उपकार आणखी एक आहे. कंपवातावरील काही औषधांमुळे क्वचित रुग्णाला जुगाराची वा खरेदीची अनावर ओढ लागते. घरचे लोक त्यास वृद्धपणीचे चळ समजतात आणि लाजेने गप्प बसतात. गटातील एखाद्याने धैर्य करून आपली हकीकत सांगितली, म्हणजे इतरांस उमगते की हा चारित्र्याचा दोष नव्हे, गोळीचा परिणाम आहे, आणि ते डॉक्टरांकडे जातात. ही केवळ करमणूक आहे असे कोण म्हणेल?

मात्र याच गटांत दुसराही एक संदेश फिरत असतो. "गोळ्या सोडा, कवचबीज घ्या." कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपा निसर्गतःच असतो, हे खरे आहे. आणि ते खरे आहे म्हणूनच हा संदेश अधिक घातक आहे. निखळ असत्य पकडता येते, अर्धसत्य पकडता येत नाही. बियांत औषधाचे प्रमाण सारखे नसते. गोळीत लेव्होडोपा मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच खर्ची पडू नये म्हणून त्याला दुसऱ्या द्रव्याची जोड दिलेली असते, ती बियांत नाही. चालू गोळ्यांवर ही भुकटी घेतली, तर उलट्या, रक्तदाबाची घसरण, अंगाचे आळोखेपिळोखे आणि भास यांची भीती; आणि गोळ्या एकदम बंद केल्या, तर अंग लाकडासारखे ताठून तापाने प्राणावर बेतू शकते. संदेश पुढे धाडणारा दुष्ट नसतो, त्याला परोपकारच करावयाचा असतो. पण परोपकाराने विषाचे अमृत होत नाही!

मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या विकारांवर रामबाण उपायाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार कायद्याने मनाई केली आहे. हा कायदा झाला तेव्हा जाहिरात भिंतीवर आणि वर्तमानपत्रात असे. आज ती मित्राच्या नावाने हातात येते. भिंतीवरची जाहिरात फाडता येते, मित्राचा शब्द कसा फाडावा?

तर मग रुग्णांनी उपचारांविषयी बोलूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. २००८ साली इटलीतील काही संशोधकांनी असे प्रसिद्ध केले, की लिथियममुळे एएलएस या मज्जाविकाराची गती मंदावते. 'पेशंट्स लाइक मी' या अमेरिकी संकेतस्थळावरील रुग्णांपैकी काहींनी ते औषध सुरू केले. परंतु त्यांनी केवळ डंका पिटला नाही, आपल्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींची छाननी २०११ साली प्रसिद्ध झाली, आणि लिथियमचा काहीही उपयोग होत नाही असे तीतून दिसून आले. आशा मोडली, पण सत्य हाती लागले. अनुभव आणि पुरावा यांतील अंतर ओळखणारा रुग्णसमूह विज्ञानाचा सहकारी होऊ शकतो, तो असा.

आणखी एक पथ्य गुप्ततेचे. गटात सांगितलेले दुखणे तेथेच राहिले पाहिजे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला खरा. पण व्यक्तीने खाजगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही. तेव्हा एका सदस्याने दुसऱ्याची व्यथा नातलगांत पसरविली, तर येथे कायद्यापेक्षा गटाची नीतीच कामी येणार.

म्हणून आमची मागणी तिहेरी आहे. गटचालकांनी पहिल्याच दिवशी नियम सांगावा: अनुभव सांगा, औषधाची मात्रा सांगू नका, आणि तो मोडणाऱ्यास, मग तो कितीही वडीलधारा असो, थांबवावे. डॉक्टरांनी या गटांची थट्टा करणे सोडून महिन्यातून एक संध्याकाळ त्यांना द्यावी. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी फोनवरून सल्ला देण्याची वाट मोकळी केलेलीच आहे. व्यक्तिगत सल्ला खाजगीत द्यावा, सर्वसाधारण शंका सर्वांसमक्ष फेडाव्यात. आणि शासनाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या मज्जाविकार विभागांवर अशा गटांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी रीतसर सोपवावी. जेथे जाणता माणूस बसत नाही, तेथे भोंदू येऊन बसतो, हा जगाचा नियम आहे.

रुग्णाला सोबत हवी आहे. ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सोबत्याने वाट दाखवावी, नाडी धरू नये. जनाचे ऐकावे, मनाला धीर द्यावा, पण गोळीच्या बाबतीत करावे ते वैद्याचेच!