गिझर एकदाच उघडला, मजुरी चार वेळा कशी?



तुमचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. वाचलंत की तुम्हाला कळेल, आणि आमच्या सोसायटीत ज्यांच्या घरी असंच बिल आलंय त्यांनाही कळेल. फोनवर तुम्ही "बघतो अण्णा" म्हणालात आणि नंतर फोन उचलणंच सोडलंत. म्हणून हे उघड पत्र.

सामानाच्या पैशांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट सगळं नवं घातलं, छापील किमतीला घातलं, त्याचे पैसे मी त्याच दिवशी दिले. प्रश्न मजुरीचा आहे. घरी येण्याचे 350, कॉइल बदलण्याचे 450, थर्मोस्टॅट बसवण्याचे 300, गॅस्केटचे 150, क्षार काढण्याचे 650. झाले 1,900. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,242 रुपये. आदल्या संध्याकाळी तुम्हीच म्हणाला होतात, "मजुरी सहाशेच्या वर जाणार नाही, अण्णा." म्हणाला होतात की नाही?

काम चालू असताना मी तिथेच उभा होतो. तुम्ही कामाला पाठवलेल्या मुलानं एमसीबी पाडला, पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, खालचं झाकण काढून फ्लँजचे बोल्ट सोडवले. कॉइल बाहेर आली ती पांढऱ्या खपल्यांनी मनगटाएवढी जाड झालेली. नवी कॉइल घातली, नवं गॅस्केट लावलं, त्याच फ्लँजमधल्या नळीत थर्मोस्टॅट सरकवला आणि बोल्ट आवळले. कॉइल निघाली की गॅस्केट आपोआप हातात येतं. ते बदलायला वेगळे कष्ट कुठले? आणि ज्या कॉइलवर क्षार होते, ती तर तो भंगारात घालायला घेऊन गेला. मग 650 रुपयांचे क्षार काढले कुठले? टाकी दोनदा भरून सोडली, त्याचे?

हे मी तुम्हाला समजावून सांगायचं? कंपनीत आपण एकाच शॉपमध्ये होतो. जॉब एकदा चकमध्ये धरला की त्याच सेटिंगवर टर्निंग, ड्रिलिंग, बोअरिंग उरकायचं, आणि जॉब कार्डावर सेटिंगचा वेळ एकदाच लागायचा. टाइम स्टडीवाल्यांनी तो वेळ चुकीचा धरला, तेव्हा गेटवर सगळ्यांत मोठ्या आवाजात कोण बोललं होतं? जेवढं काम तेवढे पैसे, ना कमी ना जास्त, असं म्हणणारे तुम्हीच ना? तेव्हा आम्ही सगळे तुमच्या मागे उभे राहिलो होतो.

व्हीआरएसचे पैसे घालून तुम्ही दुकान टाकलंत, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधली गिऱ्हाइकं मी जिन्यानं वर-खाली करून तुम्हाला मिळवून दिली. त्याचे उपकार काढत नाही. आपला माणूस आहे, लुबाडणार नाही, असं मी माझ्या शब्दावर लोकांना सांगितलं होतं. आता तेच लोक बिलं घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना काय सांगू?

दुकानात भिंतीवर तुम्ही फळा लावला होता: 'आधी दर, मग काम.' खाली प्रत्येक कामाची मजुरी खडूनं लिहिलेली. दुकानाला काच लागली, एसी लागला, आणि फळा गेला. का काढलात?

मजुरी द्यायला आपल्या पिंपरीत कुणी का-कू करत नाही. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि तेव्हापासून इथली घरंच्या घरं मजुरीवर उभी राहिली. पण तुमच्याकडे कामाला असलेल्या त्या मुलाला चहा देताना मी विचारलं, "यातले तुला किती?" म्हणाला, "कॉलमागे दोनशे ठरलेत." आयटीआय झालेला, कामात स्वच्छ पोरगा. बिलावर एक ओळ असो की पाच, त्याला दोनशेच. मग या ओळी कुणासाठी वाढल्या?

नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी आहे. मधल्या दिवसांची भर बोअर आणि टँकरवर. ते पाणी जड, त्यात क्षार, आणि गरम केलं की ते थेट कॉइलवर बसतात. म्हणजे आमचे गिझर पुन्हा पुन्हा बिघडणार आणि तुम्हाला काम मिळत राहणार. एवढं हक्काचं गिऱ्हाईक असताना ओरबाडायची वेळ का यावी?

सर्वांत लागलं ते शेवटचं. "पक्कं बिल नको असेल तर मजुरी पंधराशेत भागवू, मालकांनी सांगितलंय," असं त्या पोराला तुम्ही माझ्यासमोर म्हणायला लावलंत. मागूनही बिल न देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पक्कं बिल घेतलं, सहाशे आणि त्यावरचा जीएसटी मिळून 708 रुपये मजुरीपोटी भरले. आता रोज मेसेज येतो: '1,534 रुपये थकबाकी.' कंपनीच्या पतपेढीचा एक हप्ता मी कधी चुकवला नाही, हे तुम्ही पाहिलंय. हप्त्याच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे उभे असायचात. आणि मी थकबाकीदार?

1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. मला तिकडे जायचं नाही, पण जाता येतं.

बिल दुरुस्त करून द्या. घरी येण्याचे आणि गिझर एकदा उघडण्याचे मिळून जे रास्त होतील ते लिहा. सहाशेचे आठशे झाले तरी वरचे देईन, पण कशाचे ते सांगा. इमारतीतल्या बाकीच्यांची बिलंही तशीच तपासा आणि जास्तीचे पैसे परत करा. रविवारी सकाळी मी घरी आहे. मेसेज नको, माणूस पाठवू नका, तुम्ही स्वतः या.

तुमच्या शॉपमधला जुना सोबती,
संत तुकाराम नगर, पिंपरी