घाटांतील सायकल

वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट चढावा लागतो. वळणावर थांबलें कीं खालीं कृष्णेचें खोरें व धोम धरणाचें पाणी दिसतें. परंतु मुलांचे डोळे परस्परांच्या सायकलींकडेच! गिअरची सायकल पाहून साध्या सायकलीचा धनी खजिल होतो व घरीं हट्ट धरितो. वस्तुतः गिअर श्रम नाहींसे करीत नाहीं. पुढील चक्र लहान व मागील मोठें केलें म्हणजे पायांस जोर कमी लागतो, पण फेरे अधिक मारावे लागतात. विद्यार्थिमित्रांनो, सुंदर सायकलीचें कौतुक अवश्य करा. परंतु साधी सायकल हातीं धरून माथा गांठणाऱ्या सोबत्याचें त्याहून अधिक करा. आणि पालकांनीं गिअरपूर्वीं ब्रेक पाहावे. उतारावर जीव त्यांच्याच हवालीं असतो.