घरी केटी आणताना

केटी लागली की घरी सांगायचं कसं, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी पडलेला आहे. मला तो गेल्या डिसेंबरात जरा वेगळ्या पद्धतीने पडला. एस.टी.ने उत्तूर सोडलं होतं, आजरा जवळ येत होतं, मांडीवर सॅक होती आणि सॅकमधून केटी कुंई कुंई करत होती. कंडक्टरने एकदा माझ्याकडे, एकदा सॅककडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेला. आई मात्र बोलल्याशिवाय राहणार नव्हती.

ही केटी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. मेसच्या मागे लाकडांच्या ढिगात जन्मलेल्या पाचांपैकी एक. "काही केल्या सुटत नाही" म्हणून आमच्या विंगने तिचं बारसं असं केलं. दरवर्षीचं गणित ठरलेलं असतं. भाद्रपदात जे व्हायचं ते होतं, पुढे साधारण ६३ दिवस मोजायचे, की कार्तिक-मार्गशीर्षात मेसमागे पिल्लं हजर. ऐन सबमिशनच्या वेळी! पाचांपैकी एक दुधाच्या टेम्पोखाली गेलं. दोन कुणी नेली की आणखी काही झालं, कळलं नाही. त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले. हॉस्टेलवर रात्रभर चर्चा झाली आणि उरलेली दोन पिल्लं कुणीतरी घरी न्यावीत असं ठरलं. एक माझ्या वाट्याला आलं.

पिल्लू नेलं यात चूक झाली असं मला आजही वाटत नाही. कोलकात्याच्या 'आयसर'मधल्या संशोधकांनी २०१० ते २०१५ या काळात पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतली ३६४ पिल्लं पाहिली. त्यातली फक्त १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. जी मेली, त्यातल्या ६३ टक्के मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. म्हणजे पाचांतलं जेमतेम एक. आमच्या मेसमागचा हिशेब काही वेगळा नव्हता.

चूक झाली ती पुढे. घरी आधीच कुणीतरी राहतंय, हे मी विसरलो.

आमच्या घरी खंड्या आहे. अकरा वर्षांचा, गावठी, एका डोळ्यात थोडा मोतीबिंदू. मी पाचवी-सहावीत असल्यापासून सोप्याच्या दारात तो बसतो. भुरी नावाची मांजरी आहे. ती आमच्यापेक्षा घनसाळाच्या पोत्यांची जास्त आहे. भाताची सुगी झाली की माळ्यावर आणि पोत्यांवर तिचंच राज्य. शिवाय मागे परड्यात गोठा, दोन म्हशी आणि एक रेडकू. ही सगळी मंडळी आपापल्या जागी आणि वेळेवर चाललेली असतात. आणि मी सॅक उघडून केटीला नेमकं खंड्याच्या नाकासमोर ठेवलं. खंड्या साखळीला होता, त्याची भाकरीची थाळी समोर होती आणि माझा मोबाईल व्हिडिओ काढायला तयार होता!

खंड्या गुरगुरला. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. "ए गप्!" म्हणून मी त्याला दटावलं, पाठीत एक चापट दिली. तो गप्प झाला, मान वळवून बसला. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी केटीने त्याच्या थाळीत तोंड घातलं. या वेळी खंड्या गुरगुरला नाही. सरळ चावला. केटीचा कान फाटला, आणि मध्ये घातलेला माझा हातही. मग हात साबणाने नळाखाली पंधरा मिनिटं धुणं, दवाखाना, सुया... डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला रेबीजची लस कधी दिलेली?" आमच्या घरात म्हशीच्या वेताची तारीख सगळ्यांना पाठ आहे. खंड्याच्या लशीची तारीख कुणालाच आठवेना.

मेकॅनिकलवाल्यांना हे लगेच समजेल. गाडीच्या डॅशबोर्डवर ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला, आणि तो डोळ्यात खुपतो म्हणून तुम्ही त्याची वायरच तोडली, तर पुढे इंजिन जाम झाल्यावर कुणाला दोष देणार? कुत्र्याचं गुरगुरणं हा तो लाल दिवा आहे. "मला हे सोसत नाहीये, लांब घे" एवढंच तो सांगत असतो. आपण त्याला गुरगुरल्याबद्दल मारलं, की तो सोसायला शिकत नाही, सांगायचं बंद करतो. त्यानंतर दात कधी लागतील याची आपल्याला खबर मिळत नाही.

त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "म्हातारं झालंय त्ये, डोकं फिरलंय. रात्री परड्यात बांधा." मला ते पटत होतं, हे सांगायला आज लाज वाटते. अकरा वर्षं ज्याने दार राखलं, त्याला एका पिल्लासाठी आम्ही घराबाहेर काढणार होतो. आणि आमच्या भागात रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. आईने साफ नकार दिला. "आधी खंड्याला घाल," ती मला म्हणाली. "तुझं पिल्लू नवं हाय. घर त्येचं हाय."

माझं जे काही मत आहे ते याच वाक्यापासून सुरू होतं. घरात नवं पिल्लू आणताना आपण सगळे त्या पिल्लाचा विचार करतो. त्याला भीती वाटेल का, थंडी वाजेल का, दूध पचेल का. जुन्या जनावराचा विचार "करेल अॅडजस्ट" या दोन शब्दांत संपतो. आपल्याच हॉस्टेलचं उदाहरण घ्या. तुम्ही लेक्चरला गेलेले असताना तुमच्या दोघांच्या खोलीत तिसरा पलंग टाकला, नवा मुलगा तुमच्या टेबलावर बसून तुमचाच डबा खातोय, आणि वर सगळे म्हणतायत, "किती गोड आहे रे तो!" तर तुमचं काय होईल? तरी तुम्हाला रेक्टरकडे अर्ज करता येतो. खंड्याकडे अर्ज म्हणजे गुरगुरणं, आणि तो अर्ज मी चापट मारून फेटाळला होता.

यावर आबांचं म्हणणं असं, की पूर्वी कोण एवढं करत होतं? गावात कुत्री यायची, जायची, आपली आपण जमवून घ्यायची. मुद्दा खोटा नाही. पण त्या कुत्र्यांना जायला जागा होती. सोप्यातून परडं, परड्यातून शेत. नको असलेल्या पाहुण्यापासून वीस पावलं लांब जाऊन पडलं की भांडणाचं कारणच संपायचं. आज आपण जुन्याला साखळीला बांधतो, नाहीतर कोल्हापूर-पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दार लावून ठेवतो, आणि वरून म्हणतो, घ्या जमवून. बांधलेल्या कुत्र्याला लांब जाता येत नाही. मग त्याच्याजवळ दातच उरतात.

पुढचे तीन आठवडे आईने जे केलं ते इथे मुद्दाम लिहितोय, कारण जनावरांच्या डॉक्टरांनीही नंतर जवळजवळ तेच सांगितलं.

सगळ्यात आधी केटीला वेगळं ठेवलं, मधल्या खोलीत, उंबऱ्यावर आडवी फळी लावून. हे फक्त भांडण टाळायला नव्हतं. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्होसारखा रोग असू शकतो, त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात, आणि लस चुकलेल्या खंड्यालाही पिल्लापासून धोका होताच. म्हणून पिल्लू आणलं की पहिला मुक्काम घर नव्हे, जनावरांचा दवाखाना. जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून लशीचे डोस, ते साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत थोड्या थोड्या अंतराने, आणि तीन महिन्यांला रेबीजची लस. त्याच फेरीत जुन्याचंही राहिलेलं उरकून घ्यायचं. केटी मी आणली तेव्हा जेमतेम सात आठवड्यांची होती. विकत घ्यायच्या पिल्लांसाठी २०१७च्या नियमांत आठ आठवड्यांची अट आहे. आठवडाभर आईजवळ राहिली असती तर जास्त बरं झालं असतं. त्या वयात पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचं हे शिकत असतं.

मग वासाची ओळख. केटी ज्या पोत्यावर झोपायची ते आई खंड्याच्या जागेजवळ टाकायची, आणि खंड्याचं पोतं आत. दोघांनी चार दिवस एकमेकांना नुसतं हुंगलं, पाहिलं नाही. भेट घातली ती घरात नाही, थाळीजवळ तर नाहीच. परड्यापलीकडच्या वाटेवर, दोघांना दोरी ढिली सोडून, बरोबर चालवत. समोरासमोर डोळे भिडवण्यापेक्षा शेजारी शेजारी चालणं कुत्र्यांना सोपं जातं. पाच मिनिटं झाली की परत. खाणं कायम वेगवेगळ्या ठिकाणी आणि आधी खंड्याचं. केटी जास्त अंगावर चढायला लागली की खंड्याने सांगायच्या आत आईच तिला उचलून फळीआड ठेवायची. पिल्लू दिवसातला बराचसा वेळ झोपतं, तेवढा वेळ घर पुन्हा खंड्याचं.

भुरीची गोष्ट वेगळी. ती पहिल्याच दिवशी माळ्यावर गेली आणि तीन दिवस उतरली नाही. खाली पोत्यांत उंदरांची चंगळ! मांजराला उंच जागा आणि पळायची वाट शिल्लक असेल तरच ते थांबतं, नाहीतर घर सोडतं. आईने तिची वाटी माळ्याच्या शिडीवर ठेवली, रोज एक पायरी खाली. केटी बंद दाराच्या एका बाजूला, भुरी दुसऱ्या बाजूला, दोघींचं जेवण एकाच वेळी. मांजरामागे धावणं पिल्लाला खेळ वाटतो, आणि एकदा ती मजा कळली की सुटत नाही. म्हणून दोरी. म्हशींच्या बाबतीत काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी एकदा शिंगं हलवली, विषय संपला.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यातलं माझं काहीच नव्हतं. सुट्टी संपली, आठव्या दिवशी मी हॉस्टेलवर परत आलो. फळी लावणं, दोऱ्या धरणं, दोन वेळचं वेगवेगळं जेवण, कानाचं ड्रेसिंग, हे सगळं आईने गोठा आणि रानातली कामं सांभाळून केलं. प्रेम माझं, कष्ट तिचे. आपण हॉस्टेलवाले पिल्लू घरी नेतो तेव्हा बहुतेक वेळा हेच होतं. आणणारा एक, राहणारे दुसरे.

म्हणून यंदाच्या भाद्रपदाच्या आधीच लिहितोय. आवारातल्या दोन्ही कुत्र्यांची नसबंदी आणि लस वेळेत व्हावी यासाठी आपण नगरपालिकेकडे अर्ज करू शकतो, तो करूया. पिल्लंच झाली नाहीत तर हा प्रश्नच येत नाही. आणि झालीच, तर सॅक उघडायच्या आधी घरी फोन करा. तुम्ही परत आल्यावर त्याचं कोण बघणार, हे विचारा. घरातल्या जुन्या जनावराचं वय काय, त्याला शांत पडायला स्वतःची जागा आहे का, त्याची शेवटची लस कधी झाली, हे विचारा. उत्तर 'नाही' आलं तर ते मानायला शिका. आजारी, अगदी थकलेल्या कुत्र्याच्या घरात पिल्लू न नेणं हाही चांगुलपणाच आहे. केटीच्या भावाला आमच्या विंगमधल्या ज्या मित्राने नेलं, त्याच्या मळ्यावर कुत्रं नव्हतंच. ते पिल्लू पहिल्या दिवसापासून मजेत आहे. घर शोधताना दोन दिवस जास्त गेले, एवढंच.

परवा आईने व्हिडिओ कॉलवर दोघांना दाखवलं. खंड्या सोप्यात पडलेला, केटी त्याच्यापासून हातभर अंतरावर. ती सरकत सरकत जवळ आली, तसा तो उठला, दोन पावलं पलीकडे जाऊन परत पडला. गुरगुरला नाही आणि तीही मागे गेली नाही. वर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर भुरी. मी विचारलं, "जमलं का गं त्यांचं?"

"जमलं काय म्हनतोस," आई म्हणाली, "ऱ्हात्यात की."

मला तेवढं पुरे आहे. घरची केटी सुटली. माझी एम-थ्रीची मात्र अजून सुटायची आहे!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी