नकाशा भिंतीवरच का?

आमच्या वर्गात नकाशा खिळ्याला टांगलेला आहे. ‘दिशा ओळखा’ आलं की आम्ही पटापट लिहितो. पण २०२४ च्या श्रावणात हरिश्चंद्रगडावर धुकं दाटलं, तेव्हा उत्तर कुठं हे मला सांगता येईना. देवळाच्या पश्चिमेला कोकणकडा, सरळ तुटलेला! नाना फौजेत होते. त्यांनी होकायंत्र काढलं, तर सुई भलतीकडेच. कमरेचा कोयता! तो लांब ठेवला, तशी सुई ताळ्यावर आली. मग नकाशा तिच्याप्रमाणे फिरवला नि पूर्वेची वाट धरली. नानांच्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. ते चालल्यावरच कळतं, पाय दुखतात ना!

माझं मत असं, की शनिवारी एक तास आम्हाला नकाशा घेऊन शाळेमागच्या टेकडीवर न्यावं. होकायंत्र नाना देतो म्हणालेत.

— इयत्ता सातवी